मास्तरीणबाईंचं खोडरबर

माझ्या धाकट्या जावेला सगळी बिल्डिंग मास्तरीणबाई म्हणते. शाळेत ती कधी शिकवायला गेली नाही. पण शाळा सुटल्या की आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या तिच्या घरापुढे चपलांचा ढीग पडायला लागतो आणि बघता बघता माझ्या उंबऱ्यापर्यंत येतो. माझा दीर औषधांच्या दुकानात कामाला आहे. तो म्हणतो, "वहिनी, आमच्या घरात शिरायचं तर चपलांतून पोहत यावं लागतं."

मुलं सतरंजीवर बसतात, ती मधे खुर्चीवर. हातात छडी नाही, लाल पेन नाही. उजव्या मुठीत खोडरबर. एखाद्याचं उत्तर चुकलं तर ती ओरडत नाही, डोळे वटारत नाही. पुढे वाकते, चुकलेलं खोडून काढते, चुरा फुंकरीने उडवते आणि म्हणते, "हं, आता लिही." बस, एवढंच. तिच्या क्लासमधली कुठलीही वही उघडा, खाडाखोड औषधालाही सापडायची नाही. आया वह्या चाळतात आणि हरखून जातात. पहिल्या मजल्यावरची एकजण तर म्हणाली होती, "मास्तरीणबाईंच्या हाताखालून गेलेलं पोर म्हणजे धुऊन इस्त्री केलेलं!"

आणि या मास्तरीणबाईंची एकुलती एक लेक, आमची बिट्टी, परीक्षेत कोरा पेपर देऊन येत होती.

चौथीतली मुलगी. नाव लिहायची, तारीख लिहायची, समास आखायची आणि हात मांडीवर ठेवून घंटा होईपर्यंत बसायची. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, बरं नसेल. दुसऱ्यांदा जाऊ तिला बोल बोल बोलली. तिसऱ्यांदा शाळेच्या बाईंनी आई-बापांना बोलावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की वार्षिक परीक्षेतही पेपर कोरा आला तर आम्हाला तिला इथे ठेवता यायचं नाही, दुसरी शाळा बघावी लागेल. त्याआधी एकदा मानसतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

जाऊ घरी आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात. पर्स ओट्यावर आपटली.

"तपासून घ्या म्हणे! ती काय वजनकाटा आहे?"

"अगं, पाणी पी आधी."

"जिन्यात त्या पहिल्या मजल्यावरचीने विचारलं, बिट्टीचे मार्क आले का हो? तोंडावर एवढं गोड हसू. मी वर वळल्यावर नवऱ्याला म्हणते, दिव्याखाली अंधार. मला ऐकू यावं म्हणूनच म्हणाली, ताई."

तिच्या घरात क्लास चालू असतो तेव्हा बिट्टी माझ्याकडे असते. मला एक गोष्ट दिसत होती. मी भांडी विसळत असले की ही पोर ओट्याच्या कडेला उभी राहायची आणि ओल्या बोटाने काळ्या दगडावर गणितं करायची. चांगले लांबलचक भागाकार. बरोबर असायचे. वाळले की गेले. मी कागद पुढे केला तर हात मागे. हे मी जावेला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "ओट्यावर कोण मार्क देतं, ताई?"

मानसतज्ज्ञ बाईंची जागा एका झेरॉक्सच्या दुकानावर होती. पहिल्या खेपेला जावेने मलाही सोबतीला नेलं. जिना चढताना गरम कागदाचा वास यायचा. वर दोन खोल्या. एकीत बुटकं टेबल, खेळण्यांची पेटी, रंगांचे डबे. दोन खोल्यांमधल्या भिंतीत मोठी काळसर काच होती. अंधाऱ्या खोलीतून पलीकडचं दिसायचं, पलीकडून मात्र आपलंच तोंड. दिराने पहिल्याच दिवशी बाईंचं बारसं केलं, काचवाल्या बाई. केस बारीक कापलेले, चहा कपात गार होईपर्यंत विसरायची सवय.

त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, "हिला मी एकटी तपासणार नाही. आपण सगळ्यांनी मिळून तपासायचं आहे. आधी मला तुमचे प्रश्न द्या. काय जाणून घ्यायचंय तुम्हाला?"

जाऊ गोंधळली. "प्रश्न तुम्ही विचारायचे ना? आम्ही उत्तरं देणार."

"इथे उलटं आहे. प्रश्न तुमचे. उत्तरं शोधायला मी मदत करणार."

जावेने पदर सारखा केला आणि पाठ केल्यासारखं एका दमात विचारलं, "ती हे मुद्दाम करते का?"

दिराला विचारलं तेव्हा मला वाटलं, आता हा काहीतरी फाजील बोलणार. तो बुटांकडे बघत म्हणाला, "मी मधे पडायला हवं होतं का?" जावेने चमकून त्याच्याकडे पाहिलं. 

बिट्टीने आपला प्रश्न बाईंच्या कानात सांगितला. बाई म्हणाल्या, "हा तिचा आहे. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल." मग विचारलं, "क्लासच्या वेळी ही कुणाकडे असते?"

"ताईंकडे," जावेने माझ्याकडे बोट केलं.

"मग पुढच्या वेळीही तुम्ही या," बाई मला म्हणाल्या.

मी ओट्यावरच्या भागाकारांबद्दल सांगितलं. बाईंचा चहा पुन्हा गार झाला.

मधल्या आठवड्यात भिंतीपलीकडून मला जे ऐकू आलं, ते आमच्या जावेशिवाय जगात कुणाच्या डोक्यात आलं नसतं. तिने बिट्टीची तयारी करून घ्यायला घेतली. कुणा ओळखीच्या बाईचा मुलगा अशाच तपासणीला गेला होता, तिच्याकडून तिने खोदून खोदून माहिती काढली होती.

"घर काढायला सांगतात. खिडक्या उघड्या दाखव. माणसं काढलीस तर कान विसरू नकोस. सगळ्यांची तोंडं हसरी. आईचा हात तुझ्या हातात. काय?"

"आईचा हात माझ्या हातात."

"चित्र दाखवून गोष्ट विचारतील. गोष्टीत मारामारी नको, रडारड नको. शेवटी काय होतं?"

"शेवटी सगळे आनंदी होतात."

"शाब्बास."

मी उठून गेले. "अगं, ही परीक्षा नव्हे. बाईंनी सांगितलं ना?"

"असं सांगतातच हो, ताई," ती माझ्यावर दया केल्यासारखी हसली. "पण कागदावर शेवटी काहीतरी लिहिणारच ना त्या? परीक्षा नाही असं जगात काही नसतं."

तिच्या शेजारी कागदांचा गठ्ठा होता. सगळ्यांवर तेच घर, उघड्या खिडक्या, दोन मोठी माणसं, मधे एक छोटं. एकाही रेघेला धक्का नाही. वर रबराचा चुरा पसरलेला.

तपासणीच्या दिवशी काचवाल्या बाई बिट्टीला म्हणाल्या, "त्या काचेमागे तुझे आई-बाबा आणि काकू बसलेत. ते तुला बघतील. चालेल का?" बिट्टीने मान हलवली आणि काचेकडे तोंड करून फ्रॉक सारखा केला. आम्ही तिघं अंधारात खुर्च्यांवर. पलीकडचं बोलणं एका छोट्या स्पीकरमधून येत होतं.

"सिनेमाच झाला की," दीर कुजबुजला. "मध्यंतरात काय मिळतं?"

"गप्प बसा हो."

बाईंनी एक चित्र पुढे ठेवलं. टेबलाशी मूल बसलंय आणि दारात एक बाई पाठमोरी उभी आहे. "यात काय चाललंय, सांगतेस?"

बिट्टी ताठ झाली. "एक आई असते. ती खूप प्रेमळ असते. ती मुलाला अभ्यास शिकवते. मुलाला अभ्यास खूप आवडतो. शेवटी सगळे आनंदी होतात."

मी सहज शेजारी पाहिलं. जावेचे ओठ लेकीबरोबर हलत होते. शब्दाला शब्द.

"छान," बाई म्हणाल्या. "आणि मग आई पाठ करून का उभी आहे?"

हे तयारीत नव्हतं. बिट्टीने काचेकडे पाहिलं. "हवा खायला," जाऊ श्वासात पुटपुटली. "सांग ना, हवा खायला." बिट्टी काचेकडे बघत राहिली. काचेत तिला तिचंच तोंड दिसत असणार.

बाईंनी ताणलं नाही. कागद आणि पेन्सिल दिली. "तुझ्या घरातली सगळी माणसं काहीतरी करताना काढ."

बिट्टीने झरझर घर काढलं. खिडक्या उघड्या. बाबा, कानांसकट. स्वतः. मग आई. आईचं तोंड काढताना पेन्सिल घसरली आणि हसरी रेघ गालावरून पार कानापर्यंत गेली.

"खोडरबर?"

"इथे नाहीये गं. राहू दे तसंच. पुढे काढ."

पोरीच्या तोंडावरचा रंगच उडाला. तिने बोट तोंडात घालून ओलं केलं आणि रेघ घासायला लागली. तशीच, जशी माझ्या ओट्यावर. पण कागद म्हणजे ओटा नव्हे. रेघ पुसेना, काळी पसरली. ती घासत राहिली. आईच्या चेहऱ्याच्या जागी भोक पडलं. मग तिने कागदाची घडी केली, घडीवर घडी केली, मांडीखाली दडवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. शाळेच्या बाई सांगत होत्या तशी. घंटा होईपर्यंत बसायच्या तयारीने.

जाऊ कधी उठली ते कळलंच नाही. पर्सची चेन ओढल्याचा आवाज आला आणि पुढच्या क्षणी ती काचेवर मूठ आपटत होती. "अहो बाई, माझ्याकडे आहे! द्या तिला! माझ्याकडे आहे!"

तिच्या बोटांत खोडरबर होतं.

आवाज पलीकडे गेला. बिट्टीने मान वर केली नाही. मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाली, "मी घरी नीट काढलं होतं. आई, मी घरी नीट काढलं होतं गं."

"खाली बस," दीर म्हणाला. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता. त्याने बायकोचं मनगट धरून तिला बसवलं. 

बिट्टीला माझ्याजवळ रंगांपाशी सोपवून बाई त्या दोघांशी बोलायला बसल्या. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं होतं, तयारी करून घेतली म्हणून जावेला चांगलंच ऐकावं लागणार. पण बाईंनी तो विषयच काढला नाही. विचारलं, "हे नेहमी जवळ असतं?"

जावेने मूठ उघडून पाहिली, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.  मग ती बोलायला लागली.

तिचे वडील शिक्षक होते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पोरांच्या चुकांना ते लाल गोल करायचे, तेही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की घरच्या पोरीची चुकलेली पानं ते फाडून दाराला बाहेरून लावायचे. येणारा-जाणारा वाचायचा. दूध घालणारा वाचायचा. मैत्रिणी वाचून दार वाजवायच्या. "एकदा मी 'माझे बाबा' असा निबंध लिहिला होता," ती म्हणाली. "त्यातल्या चुकांना गोल करून तोही लावला. तो उन्हाने पिवळा पडेपर्यंत होता दारावर. तेव्हाच ठरवलं, माझ्या हाताखालच्या एकाही लेकराची चूक कुणाला दिसू द्यायची नाही. माझ्या फुंकरीबरोबर गेली पाहिजे."

दीर तिच्याकडे बघत होता. एवढा संसार झाला, त्याला हे माहीत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही मुलांना वाचवत होतात," बाई म्हणाल्या.

"मग काय!" जाऊ उसळून म्हणाली. "आणि माझ्या प्रश्नाचं काय? ती मुद्दाम करते का?"

"तुम्ही आत्ता तिला पाहिलंत. तुम्हाला काय वाटतं?"

 दीरच म्हणाला, अगदी हळू, "कोऱ्या कागदावर खोडायला काही नसतं."

"म्हणजे सगळं माझ्यामुळे." तिचा आवाज चिरकला. "म्हणा ना. फीचे पैसे घेऊन गोड कशाला बोलता? माझ्यामुळे!"

"मी तसं म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "पण आज तुम्हाला तसं वाटणार. मी कितीही नाही म्हटलं तरी वाटणार. पुढच्या वेळी बिट्टीबरोबर तुम्हीही त्या टेबलाशी बसा."

रिक्षात बिट्टी माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपेचं सोंग घेत होती. पापण्या हलत होत्या.

पुढच्या वेळी काचेमागे मी आणि दीर दोघंच. पलीकडे मायलेकी, एकच कागद आणि दोन पेनं. पेनं. मिळून चित्र काढायचं, खोडायची सोय नाही. जावेने मांजर काढायला घेतलं. तिला चित्रकलेचं वावडं. ते मांजर हुबेहूब बादलीसारखं दिसायला लागलं. तिने दुसरा कागद मागितला, बाईंनी नुसती नकाराची मान हलवली. तिचा हात हवेतच राहिला. 

बिट्टीने बराच वेळ आईच्या हाताकडे पाहिलं. मग आपलं पेन घेतलं आणि बादलीला कडी काढली. वर नळ काढला. नळातून थेंब.

"मांजर होतं ते," जाऊ म्हणाली.

"आता बादली आहे," बिट्टी म्हणाली.

दीर माझ्या शेजारी हसला आणि लगेच त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. जावेने क्लासमधली खोडरबरं गोळा करून डब्यात बंद केली. चुकलं तर एक सरळ रेघ मारा आणि खाली लिहा. मुलांना गंमत वाटली, आयांना नाही. पहिल्या मजल्यावरची बाई वही नाचवत वर आली, "मास्तरीणबाई, हे काय गिचमिड? पूर्वी कशा आरशासारख्या वह्या असायच्या!" एकेक करून काही मुलं दुसरीकडे गेली. चपलांचा ढीग माझ्या उंबऱ्यापर्यंत येईनासा झाला. दीर म्हणाला, "चला, आता चालत घरात शिरता येतं," पण कुणी हसलं नाही.

जाऊ चिडचिडी झाली. तिचा हात सारखा रिकाम्या मुठीत वळायचा. बिट्टीने घरी काही लिहिलं की ती मागे उभी राहायची आणि मग स्वतःलाच ढकलल्यासारखी स्वयंपाकघरात जायची. एकदा माझ्यावरही तुटून पडली. "तुमच्या त्या ओट्याने लाडावली तिला! पुसलं की गेलं, हे तुमच्याकडेच शिकली ती."  तिलाही ते खरं वाटत नव्हतं. संध्याकाळी येऊन माझ्या भांड्यांना हात लावला, न सांगता विसळायला लागली. तिची माफी मागायची तीच पद्धत.

बिट्टीचा हातही लगेच काही मोकळा झाला नाही. कधी दोन ओळी लिहायची, कधी कागद घडी घालून दप्तरात कोंबायची. वार्षिक परीक्षा तोंडावर आली. परीक्षेच्या दिवसांत आम्ही जेवणाच्या ताटावर तिला काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं आणि तिघंही तिच्या तोंडाकडे बघत जेवत होतो. पोरगी तेवढी हुशार, एकदा म्हणाली, "काकू, मी टीव्ही नाहीये."

पेपर हातात मिळाला त्या दिवशी मी तिच्या घरीच होते. बिट्टी आली, बूट न काढता आत आली आणि गणिताचा पेपर टेबलावर ठेवला. दीरही दुकानातून मधेच आला होता.

पेपर कोरा नव्हता.

बरीचशी उत्तरं होती. काहींवर आडवी रेघ आणि खाली दुसरं उत्तर. एक भागाकार दोनदा खोडलेला आणि तिसऱ्यांदाही चुकलेला. शेवटचं पान रिकामं. ती नापास झाली होती. शाळेच्या बाईंनी दिराला फोनवर सांगितलं होतं, "आणखी एक सहामाही थांबू या. पुढचं मी आत्ता काही कबूल करत नाही."

पण दिराला नापास-बिपास दिसतच नव्हतं. "लिहिलंय! वहिनी, बघा, लिहिलंय तिने!" म्हणत त्याने पेपर उचलला आणि फ्रीजच्या दारावरचं चुंबक काढून तिथे लावायला निघाला.

"दारावर नको!"

जाऊ अशी ओरडली की बिट्टी दचकून भिंतीला टेकली. जावेने त्याच्या हातून पेपर हिसकावून छातीशी धरला. दिराच्या तोंडावरचं हसू तसंच गोठून राहिलं. मग त्याला समजलं. त्याने चुंबक पुन्हा फ्रीजला लावलं, नुसतंच.

जाऊ खुर्चीत बसली. पेपर टेबलावर ठेवून तळहाताने सारखा केला. त्या चुकलेल्या भागाकारावर तिचं बोट थांबलं. मी तिचं बोट बघत होते. ते रेघेवर एकदा पुढे गेलं, एकदा मागे आलं. घासल्यासारखं. मग थांबलं.

बिट्टी भिंतीपासून टेबलाशी आली. "आई, काचवाल्या बाईंना मी एक प्रश्न सांगितला होता."

"हो."

"मी विचारलं होतं, चुकलं तर काय होतं?"

 खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"हा भागाकार चुकलाय ना?" बिट्टीने विचारलं.

जावेने पेपरवरून बोट उचललं.  "हो," ती म्हणाली. "चुकलाय."

"मग आता?"

जावेने इकडे तिकडे पाहिलं, जणू उत्तर खोलीत कुठेतरी ठेवलेलं होतं. माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग लेकीच्या पायांकडे.

"आता बूट काढ," ती म्हणाली. "हात धू. जेवायला बस."

बिट्टी थोडा वेळ तिथेच उभी राहिली, आणखी काही येतंय का ते बघत. काही आलं नाही. मग ती खाली बसून बुटाचे बंद सोडायला लागली. जावेने पेपर तसाच टेबलावर उघडा ठेवला आणि त्याच्या शेजारी ताट मांडलं. ताटात वाटी ठेवताना तिचा किणकिण आवाज झाला.